एडिटरला आर सापडत नाही तेव्हा

नवा एडिटर (कोड लिहायचा प्रोग्रॅम) टाकला, त्यावर आर या संख्याशास्त्राच्या भाषेचं एक्स्टेंशन, म्हणजे जोड-प्रोग्रॅम, चढवलं, पहिली ओळ लिहिली आणि ती चालवायला कंट्रोल-एंटर दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. संख्याशास्त्राचा कोड लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांची पहिली संध्याकाळ अशीच जाते. मग एडिटर काढून पुन्हा टाकायचा, थीम बदलून बघायची, शेवटी मशीनच रीस्टार्ट करायचं. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी! बिघाड जिथे आहे तिथे कुणी बघतच नाही.

हा लेख त्या संध्याकाळसाठी आहे. उदाहरणं आरची घेतली आहेत आणि एडिटर मुख्यतः व्हीएस कोड आणि ईमॅक्स, कारण मी रोज तेच वापरते. कमांडची आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांतच लिहायची, आणि लहान-मोठ्या अक्षरांचा भेद सांभाळायचा, कारण आरला तो कळतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. एडिटरला आर येत नाही. एडिटर म्हणजे वही. गणित करणारा आर हा वेगळा प्रोग्रॅम, तो मशीनवर वेगळा बसवावा लागतो. या दोघांमध्ये निरोप्या असतो तो एक्स्टेंशन किंवा पॅकेज: व्हीएस कोडमध्ये आर एक्स्टेंशन, ईमॅक्समध्ये ईएसएस. वहीतली ओळ उचलायची आणि आरच्या हातात द्यायची, एवढंच त्याचं काम. आणि व्हीएस कोडच्या बाबतीत एक चौथा गडीही असतो. तुम्ही अर्धं नाव लिहिलं की खाली सूचना उघडते ना, ती तुमच्यासमोरच्या कन्सोलमधून, म्हणजे आर जिथे उत्तरं दाखवतो त्या खिडकीतून, येत नाही. त्यासाठी मागे गुपचूप आरची दुसरी प्रत चालू असते, तिला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. म्हणून असं होऊ शकतं की कोड छान चालतो पण सूचना येत नाहीत. किंवा उलटही. हे दोन वेगळे बिघाड आहेत, एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

दुरुस्तीला बसायचं म्हणजे पाणी यातल्या कुणाकडे मुरतंय ते आधी शोधायचं. तळापासून वर यायचं.

पहिली पायरी: एडिटर बंद करा, नुसत्या टर्मिनलमध्ये आर चालवा

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि 'आरस्क्रिप्ट --व्हर्जन' असं लिहा. आवृत्तीचा क्रमांक आला तर आर जागेवर आहे आणि सापडतोही आहे. पुढच्या पायरीला जा.

विंडोजवर इथे एक गंमत होते. पॉवरशेलमध्ये नुसतं 'आर' लिहून एंटर दाबलं तर आर सुरू होत नाही, तुमची आधीची कमांड पुन्हा चालते. कारण पॉवरशेलने आर हे एकच अक्षर जुनी कमांड परत चालवण्यासाठी राखून ठेवलंय. आर बिघडलेला नसतो, त्याला हाकच पोचलेली नसते. 'आर डॉट ईएक्सई' असं पूर्ण नाव लिहिलं की चालतं. साध्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ही अडचण येत नाही.

अशी कमांडच ओळखीची नाही, असं उत्तर आलं तर दोन शक्यता. एक तर आर बसवलेलाच नाही. स्टार्ट मेनूत बघा, क्षणात कळेल. दुसरी आणि जास्त वेळा आढळणारी: आर आहे, पण पाथमध्ये नाही. पाथ म्हणजे कोणते फोल्डर धुंडाळायचे याची मशीनजवळची यादी. विंडोजवरचा आरचा इन्स्टॉलर स्वतःला या यादीत घालत नाही. आर बसतो 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्ये, त्यात 'आर', त्यात आवृत्तीच्या नावाचा फोल्डर, त्यात 'बिन'. हा 'बिन'पर्यंतचा पत्ता पाथमध्ये घातला की टर्मिनलला आर दिसायला लागतो. व्हीएस कोडचं एक्स्टेंशन विंडोजच्या रजिस्ट्रीतही आरचा शोध घेतं, त्यामुळे पाथ नसतानाही कधीकधी सगळं सुरळीत चालतं. तसं चालत असेल तर उगाच हात लावू नका.

पाथ बदलल्यावर एडिटर पूर्ण बंद करून उघडायचा. एक खिडकी मिटून भागत नाही, सगळ्या खिडक्या मिटायच्या. प्रोग्रॅमला पाथ मिळतो तो जन्माच्या वेळी. नंतर तुम्ही बाहेर काहीही बदला, चालू प्रोग्रॅम जुनीच यादी उराशी धरून बसतो. 'पाथ तर घातला, तरी नाहीच,' या तक्रारीतल्या निम्म्या तक्रारी एवढ्याने मिटतात, असा माझा अनुभव.

मॅकवर ईमॅक्स डॉकमधून उघडलं तर त्याला टर्मिनलचा पाथ मिळतच नाही. टर्मिनलमधून उघडलं तर आर सापडतो, डॉकमधून उघडलं तर नाही, हे त्याचं लक्षण. त्यावर 'एक्झेक पाथ फ्रॉम शेल' नावाचं छोटं पॅकेज आहे. ते बसवून सुरुवातीच्या फाइलमध्ये हाक मारली की प्रश्न संपतो.

दुसरी पायरी: कोणता आर?

हीच पायरी लोक गाळतात आणि इथेच दुपार वाया जाते. माझी गेली आहे.

एका जुन्या कामासाठी मी आरची मागची आवृत्ती ठेवली होती, शेजारी नवी बसवली होती. टर्मिनलमध्ये आरचं एक पॅकेज (आरला जास्तीची फंक्शनं देणारा तयार संच) बसवलं, तक्रार न करता बसलं. एडिटरमध्ये येऊन हाक मारली तर 'देअर इज नो पॅकेज कॉल्ड'. पुन्हा बसवलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बसवताना मी स्क्रीनवर धावणाऱ्या ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. पॅकेज ज्या फोल्डरात जात होतं त्याच्या नावात एक आवृत्ती होती, आणि एडिटरमधल्या कन्सोलच्या पहिल्या ओळीत दुसरीच. मी पॅकेज बसवत होते एका आरमध्ये आणि मागत होते दुसऱ्याकडे. दोघंही खरंच बोलत होते.

म्हणून टर्मिनलमध्ये आणि एडिटरच्या कन्सोलमध्ये, दोन्हीकडे, या तीन ओळी चालवा:

'आर डॉट व्हर्जन डॉट स्ट्रिंग' म्हणजे आवृत्ती कोणती.
'आर डॉट होम()' म्हणजे हा आर कोणत्या फोल्डरात राहतो.
'डॉट लिबपाथ्स()' म्हणजे तो पॅकेजं कुठे शोधतो. यातला पी मोठा.

दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. फरक दिसला तर पुढचं वाचायची बहुधा गरज नाही, चोर सापडला. पॅकेजांचा वैयक्तिक फोल्डर आवृत्तीतल्या पहिल्या दोन आकड्यांना बांधलेला असतो. ४.३.१ वरून ४.३.३ वर गेलात तर पॅकेजं जागच्या जागी राहतात. ४.३ वरून ४.४ वर गेलात तर नवा फोल्डर रिकामा असतो आणि सगळं पुन्हा बसवायचं असतं. पॅकेजं 'गायब' झालेली नसतात, जुन्या घरातच पडून असतात. विंडोजवर आणखी एक बदल झाला: ४.२.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, हा फोल्डर डॉक्युमेंट्समधून उठून 'लोकल ॲप डेटा'मध्ये गेला. बदल चांगलाच होता, डॉक्युमेंट्स फोल्डर क्लाउडशी जोडलेला असला की पॅकेज बसवताना फायली अडकायच्या. पण जुन्या लेखांतले पत्ते वाचून शोधायला गेलात तर तिथे काही सापडणार नाही.

ॲनाकोंडा वापरणाऱ्यांनी एक जास्तीची शंका घ्यावी. कोंडाचं एखादं एन्व्हायर्नमेंट चालू असेल आणि त्यात आर असेल, तर पाथमध्ये तो पुढे येऊन बसतो. 'आर डॉट होम()'च्या उत्तरात कोंडाचं नाव दिसलं की समजा.

ईमॅक्स आणि विंडोज ही जोडी असेल तर अजून एक खोच. आर विंडोजवर डॉक्युमेंट्सला आपलं घर मानतो. ईमॅक्स मात्र 'होम' हे चल स्वतः ठरवतं आणि ते 'ॲप डेटा'तल्या 'रोमिंग'कडे वळवतं. ईमॅक्सच्या पोटातून सुरू झालेला आर तेच घर धरतो, आणि तुमची डॉक्युमेंट्समधली सेटिंगची फाइल त्याला दिसत नाही. 'पाथ डॉट एक्सपँड'ला टिल्डा (~, म्हणजे घराची खूण) देऊन दोन्हीकडे विचारा, दोन पत्ते आले तर हेच कारण. विंडोजच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये 'होम' एकदा स्वतः ठरवून टाकलं की दोघांचं एकमत होतं.

तिसरी पायरी: निरोप्याला पत्ता बरोबर दिलाय का

व्हीएस कोडमध्ये आरसाठी पत्त्याची सेटिंग दोन आहेत, आणि नवख्यांना त्यातली एकच दिसते. 'आरटर्म' या नावाचं सेटिंग तुमच्यासमोरच्या कन्सोलसाठी. 'आरपाथ' या नावाचं सेटिंग मागे चालणाऱ्या आरसाठी, म्हणजे लँग्वेज सर्व्हर वगैरे. दोन्हींना विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा वेगळ्या शेपट्या आहेत, आपल्या सिस्टिमची भरायची. कन्सोल म्हणून रेडियन हा सजवलेला पर्याय वापरायचा असेल तर तो पहिल्या सेटिंगमध्ये चालतो. दुसऱ्यात साधा आरच हवा. तिथे रेडियन टाकलंत की सूचना बंद.

पत्ता फोल्डरचा नाही, चालणाऱ्या फाइलचा द्यायचा. विंडोजवर सेटिंगच्या जेसन फाइलमध्ये उलटी तिरकी रेघ एकेरी चालत नाही, प्रत्येक ठिकाणी दुहेरी लिहायची. किंवा सरळ सुलटी रेघ वापरा, विंडोजला तीही चालते. शिवाय पत्ता युजर सेटिंगमध्ये बरोबर असूनही उपयोग होत नसेल, तर चालू फोल्डरात व्हीएस कोडचा लपलेला सेटिंगचा फोल्डर आहे का बघा. त्या फोल्डरातलं सेटिंग नेहमी वरचढ ठरतं. दुसऱ्याकडून घेतलेल्या प्रोजेक्टमध्ये त्याच्या मशीनचा पत्ता तसाच येतो आणि तुमच्या मशीनवर अर्थातच काही सापडत नाही.

ईमॅक्समध्ये हे काम 'इन्फिरिअर ईएसएस आर प्रोग्रॅम' हे चल करतं. त्यात पूर्ण पत्ता भरा, मग मेटा-एक्स आणि आर. पहिल्यांदा फोल्डर विचारतं तेव्हा नुसतं एंटर मारून पुढे जाऊ नका, का ते खाली येईलच.

पत्ते सगळे बरोबर, तरी कंट्रोल-एंटर ढिम्म? मग फाइलचा प्रकार बघा. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे भाषेचं नाव असतं. तिथे 'आर' असायला हवं. 'प्लेन टेक्स्ट' असेल तर एडिटरच्या दृष्टीने तुम्ही किराणा मालाची यादी लिहिताय, आरशी तिचा संबंध नाही. फाइल अजून सेव्ह केलेली नसते किंवा विंडोजने शेपटी लपवलेली असते: दिसायला नाव 'विश्लेषण डॉट आर', प्रत्यक्षात 'विश्लेषण डॉट आर डॉट टीएक्सटी'. फाइल एक्सप्लोररमध्ये शेपट्या दाखवण्याचं सेटिंग कायमचं चालू करून ठेवा. ईमॅक्समध्ये खालच्या पट्टीत ईएसएस आणि आर ही नावं दिसली पाहिजेत.

अधिक चिन्हाचा सापळा

कोड जातो, पण उत्तर येत नाही, हा प्रकार वेगळा. हा एकदा जवळून बघण्यासारखा आहे, कारण यात काहीच बिघडलेलं नसतं.

समजा तुम्ही सरासरी काढायची ओळ पाठवली आणि शेवटचा कंस राहिला. आर चूक दाखवत नाही. त्याला वाटतं, वाक्य अजून संपलं नाही. डावीकडे नेहमीच्या > या चिन्हाऐवजी + येतं आणि तो वाट बघत बसतो. तुम्ही गोंधळून तीच ओळ पुन्हा पाठवता. ती त्याच अर्धवट वाक्याला चिकटते. पुन्हा +, किंवा आता 'अनएक्स्पेक्टेड सिम्बॉल'. एक अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलं असेल तर त्याहून वाईट: पुढचं सगळं त्या अवतरणाच्या पोटात जातं आणि पानभर + ची रांग लागते.

मागे माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका नव्या मुलीचा फोन आला.

'ताई, आर हँग झालाय. अर्धा तास झाला, काहीच दाखवत नाही.'

'शेवटच्या ओळीत डावीकडे काय दिसतंय?'

'अधिक.'

'अगं, मग तो हँग नाही झाला, तुझीच वाट बघतोय. कन्सोलमध्ये जा आणि एस्केप दाब. नाहीतर कंट्रोल-सी.'

आरस्टुडिओ (खास आरसाठी बनवलेला एडिटर) आणि विंडोजवरच्या आरच्या स्वतःच्या खिडकीत एस्केप, टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी, ईमॅक्समध्ये कंट्रोल-सी दोनदा. > परत आलं की कंस मोजा.

कंस आणि अवतरणं सगळी जागेवर असूनही 'अनएक्स्पेक्टेड इनपुट' येत असेल तर ओळ कुठून आणलीत ते आठवा. वर्ड प्रोसेसर आणि पीडीएफ सरळ अवतरणचिन्हांची वाकडी, सुबक चिन्हं करतात. आरला ती ओळखीची नाहीत. काही वेळा साध्या जागेच्या ठिकाणी न तुटणारी जागा येते, ती डोळ्यांना दिसतही नाही. अशी ओळ दुरुस्त करत बसू नका, पुसून हाताने पुन्हा लिहा, दहा सेकंदांचं काम. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर देवनागरी आकडेही कोडमध्ये शिरतात. वाचणाऱ्याला ५ हा पाचच दिसतो, आर मात्र त्याला संख्या मानत नाही.

एका ओळीचा कोड चालतो आणि चारपाच ओळी एकदम पाठवल्या की विचका होतो, असं असेल तर 'ब्रॅकेटेड पेस्ट' हे सेटिंग तपासा. रेडियनला ते चालू हवं, नाहीतर प्रत्येक ओळ उजवीकडे सरकत सरकत जिना तयार होतो. विंडोजवरच्या साध्या कन्सोलला ते सहसा बंद हवं, नाहीतर ओळीच्या आधी चौकटी कंस, दोनशेचा आकडा आणि टिल्डा असला कचरा उमटतो. आणि 'लायब्ररी: कमांड सापडली नाही' असं उत्तर आलं तर हे आरचं बोलणंच नाही. तुमचा कोड शेलकडे, म्हणजे टर्मिनलमधल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे, गेलाय. कोणतं टर्मिनल समोर आहे ते बघा आणि 'ऑलवेज यूज ॲक्टिव्ह टर्मिनल' हे सेटिंग चालू असेल तर बंद करा.

सूचना येत नाहीत

आता तो चौथा गडी. व्हीएस कोडमधला लँग्वेज सर्व्हर हे आरचं एक पॅकेज आहे, नाव 'लँग्वेजसर्व्हर', सगळी अक्षरं लहान. एक्स्टेंशन बसवलं म्हणून ते आपोआप आलेलं असेल असं धरू नका. 'रिक्वायर नेमस्पेस' या फंक्शनला त्याचं नाव देऊन, ते सगळं 'प्रिंट'च्या कंसात घालून विचारा. 'ट्रू' आलं तर आहे. 'फॉल्स' आलं तर बसवा, आणि बसवा त्याच आरमध्ये ज्याचा पत्ता 'आरपाथ'मध्ये आहे. दुसऱ्या पायरीवरची माझी दुपार इथेही पुन्हा घडू शकते.

लिनक्सवर हे पॅकेज बसताना अनेकदा मध्येच कोसळतं. त्याला 'एक्सएमएल२' पॅकेज लागतं, आणि ते मशीनवरच तयार व्हायचं असेल तर सिस्टिमची 'लिबएक्सएमएल२'ची डेव्हलपमेंट फाइल हवी. डेबियन आणि उबुंटूवर तिच्या नावाला शेवटी 'डेव्ह' जोडलेलं असतं, सोबत 'आर-बेस-डेव्ह'ही घ्या. शेवटची लाल ओळ वाचून काही कळणार नाही, ती नुसती 'नॉन-झीरो एक्झिट स्टेटस' म्हणून हात झटकते. वर सरकत जा आणि पहिली चूक शोधा, खरं कारण तिथे असतं.

एकाच प्रोजेक्टमध्ये सूचना येत नाहीत, बाकी सगळीकडे येतात? त्या फोल्डरात 'आरएन्व्ह' आहे का बघा. आरएन्व्ह प्रत्येक प्रोजेक्टला पॅकेजांचं स्वतंत्र कपाट देतं आणि बाहेरचं कपाट झाकून टाकतं. तुमचा लँग्वेज सर्व्हर बाहेरच्या कपाटात राहिला. प्रोजेक्टच्या आत एकदा बसवा, झालं.

सुरुवातीच्या फायली आणि कालचा पसारा

आर सुरू होताना 'डॉट आरप्रोफाइल' नावाची फाइल वाचतो. चालू फोल्डरात ती असेल तर तीच वाचतो, घरातली वाचत नाही. त्यामुळे एका फोल्डरात तुमची सेटिंग लागतात आणि दुसऱ्यात नाहीत, यात भुताटकी काही नाही. या फाइलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायला विसरू नका. शेवटी रिकामी ओळ नसेल तर ती शेवटची ओळ आर गुपचूप सोडून देऊ शकतो, आणि नवं सेटिंग आपण नेमकं शेवटीच लिहिलेलं असतं.

या फायलींवर संशय असेल तर टर्मिनलमधून 'आर --व्हॅनिला' चालवा. यात आर कोणतीही फाइल न वाचता कोऱ्या पाटीने उठतो. त्यात सगळं ठीक चाललं तर दोष तुमच्याच सेटिंगमध्ये.

कालचं सत्र आपोआप परत भरून घेण्याची सवय मात्र आजच मोडा. बाहेर पडताना आर विचारतो, वर्कस्पेस सेव्ह करू का. नाही म्हणा, कायम. नाहीतर कालचा डेटा आज नावासकट जिवंत असतो, स्क्रिप्टमधली तो तयार करणारी ओळ तुम्ही केव्हाच पुसलेली असते, आणि तुमच्याकडे चालणारा कोड दुसऱ्याकडे पहिल्याच मिनिटाला पडतो. आर सुरू करताना 'नो-सेव्ह' आणि 'नो-रिस्टोर-डेटा' हे दोन शब्द जोडले की विषय संपला.

फाइल समोर आहे, आरला दिसत नाही

डेटाची फाइल एडिटरच्या डाव्या पट्टीत दिसतेय, आर म्हणतो अशी फाइलच नाही. 'गेटडब्ल्यूडी()' चालवा. आर ज्या फोल्डरात उभा आहे तो फोल्डर कळेल, आणि बहुतेक वेळा तो तुम्हाला वाटत होता तो नसतो. व्हीएस कोडमध्ये एकच फाइल उघडण्याऐवजी पूर्ण फोल्डर उघडा, कन्सोल तिथेच सुरू होतो. ईमॅक्स सुरुवातीला फोल्डर विचारतं ते याचसाठी, म्हणून तिथे थांबा म्हटलं होतं. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेटडब्ल्यूडी' लिहून आपल्या मशीनचा लांबलचक पत्ता देणं मला पटत नाही. ती ओळ दुसऱ्या कुठल्याही मशीनवर चालणार नाही.

फाइल उघडली पण पहिल्या स्तंभाच्या नावाआधी दोन-तीन विचित्र अक्षरं चिकटली असतील, तर तो बॉम आहे, म्हणजे फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून काढलेल्या फाइलला ती असते. वाचताना फाइलचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८-बॉम' सांगा. विंडोजवर देवनागरी मजकुराच्या जागी यू, अधिक आणि आकडे दिसत असतील तर आर जुना आहे. ४.२.० पासून विंडोजवरचा आरही यूटीएफ-८च बोलतो, विंडोज १० ची मे २०१९ची किंवा त्यानंतरची आवृत्ती असली म्हणजे झालं.

ईमॅक्सवाल्यांसाठी जाता जाता: जुन्या ईएसएसमध्ये अंडरस्कोर दाबला की <- उमटतं. नावात अंडरस्कोर हवा असेल तर ते चिन्ह लागोपाठ दोनदा दाबायचं. हा खोडसाळपणा नाही, वारसा आहे. जुन्या टेलिटाइप यंत्रांवर आज अंडरस्कोर आहे तिथे डावा बाण असायचा, आणि आरच्या आधीच्या एस भाषेने नावाला किंमत देण्यासाठी तोच घेतला. आरने ही सूट २००३ मध्ये, १.८.० आवृत्तीत काढली. कळ मात्र एडिटरमध्ये अनेक वर्षं तशीच राहिली. ईएसएस नवं केलंत की हा त्रास जातो.

काहीच लागू पडलं नाही तर

मग दोष दुसऱ्याच एखाद्या एक्स्टेंशनचा असण्याची शक्यता धरा. कंट्रोल-एंटर पळवणारी एक्स्टेंशन अनेक आहेत. एकेक बंद करून बघत बसू नका. व्हीएस कोडच्या कमांड पॅलेटमध्ये 'एक्स्टेंशन बायसेक्ट' आहे. ते निम्मी बंद करून विचारतं, बिघाड आहे का? मग उरलेल्यातली निम्मी. सोळा एक्स्टेंशनांमधला चोर साधारण चार फेऱ्यांत सापडतो. ईमॅक्सला 'क्यू' हा मोठ्या अक्षरातला पर्याय देऊन सुरू केलं तर ते तुमची फाइल वाचत नाही. फक्त त्यात ईएसएस हाताने लोड करावं लागतं.

आर खरंच ठणठणीत आहे ना, याचा पडताळा हवा असेल तर आरस्टुडिओ टाकून बघा. तिथली जोडणी तयारच येते. विंडोजवर कंट्रोल दाबून धरून ते उघडलं तर कोणता आर घ्यायचा हेही विचारतं. तिथे चाललं आणि तुमच्या एडिटरमध्ये नाही, म्हणजे दोष निरोप्याचा. आरस्टुडिओतच राहावंसं वाटलं तर खुशाल राहा, त्यात कमीपणा काही नाही.

कुणाला विचारायची वेळ आलीच तर स्क्रीनचा फोटो पाठवू नका. 'सेशनइन्फो()'चं उत्तर आणि चुकीचा संदेश मजकूर म्हणून पाठवा, पहिल्या ओळीपासून. आणि टर्मिनलमध्ये चालतं का, हे आधीच लिहा, कारण पहिला प्रश्न तोच येणार.

राहता राहिलं विंडोजवरच्या त्या पत्त्याचं. त्यात आवृत्तीचा क्रमांक असतो. आरची नवी मोठी आवृत्ती सहसा दर वर्षी एप्रिलमध्ये येते. ती बसवलीत की फोल्डरचं नाव बदलतं, पण सेटिंगमधला पत्ता जुनाच राहतो, आणि जुना आर काढून टाकलात त्या दिवशी कंट्रोल-एंटर पुन्हा मुकं होतं. माझ्या सेटिंगच्या फाइलमध्ये त्या ओळीच्या वर एक टीप आहे: 'एप्रिलमध्ये बदल. दोन्हीकडे.'